चितारीबाईंची सहाण

“मुलानं काय काढलंय ते विचारू नका हो. कुठून सुरुवात केली ते विचारा.”

चितारीबाई हे मला म्हणाल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेरूनं माखले होते, आणि मी त्यांच्याविरुद्धची तक्रार घेऊन आलो होतो.

साल छप्पन्न. लालबागला आमच्या चाळीच्या मागं मंडळाची तालीम होती. पहिलवान दोनच उरले होते आणि तेही संध्याकाळी यायचे, म्हणून सकाळी आठ ते अकरा ती खोली बालवाडीला दिलेली. मी मंडळाचा चिटणीस. पत्रं लिहायची, ठराव लिहायचे, कुणी भांडायला आलं तर ऐकून घ्यायचं. त्या दिवशी दुसऱ्या माळ्यावरच्या कमळाबाई भांडायला आल्या होत्या. त्यांचा मुलगा जयवंत महिनाभर बालवाडीत जात होता.

“चिटणीस, महिनो झालो. एक अक्षर येणा नाय पोराक. पयले तीन आठवडे दगड घासल्यान. आता कडुलिंबाची काडी चघळता. दात घासूक शाळेत धाडलंय काय मी त्येका?”

मी पाहायला गेलो. खोलीच्या मधोमध एक काळी सहाण होती, जेवणाच्या ताटाएवढी, मध्ये झिजून खोलगट झालेली. तिच्याभोवती चार मुलं उकिडवी बसून गेरूचा खडा पाण्यात घासत होती. शेजारी करवंट्यांमध्ये नीळ, हळद, कोळशाची पूड आणि चुना. एका पातेल्यात चिंचोक्यांची खळ शिजवून ठेवलेली. रंग कागदाला धरावा म्हणून ती त्यात मिसळायची. आणि भिंतीशी बसलेली पाच-सात मुलं खरंच कडुलिंबाच्या काड्या चघळत होती. टोक चघळून मऊ झालं की त्याचाच कुंचला.

जयवंत जमिनीवर पालथा पडून चित्र काढत होता. जुन्या वर्तमानपत्रावर एक मोठा काळा आकार दिसत होता. मी वाकून विचारलं, “हे काय? हत्ती का रे?”

मुलानं काडी खाली ठेवली आणि चित्रावर हात पसरले, कुणी घास काढून घेईल तसे. तेव्हा बाई मला ते वाक्य म्हणाल्या. मग त्या त्याच्याजवळ बसल्या.

“जयवंता, कुठनं चालू केलंस रे?”

त्यानं हात उचलला आणि कोपऱ्यातल्या एका लहानशा चौकोनावर बोट ठेवलं. “हितनं. डब्यातनं.”

डब्याला धरलेला हात, हाताला जोडलेला खांदा, आणि मग कागद संपेपर्यंत वाढत गेलेला त्याचा बाप. गिरणीत निघालेला बाप त्या मुलानं जेवणाच्या डब्यातून उगवून आणला होता. मी हत्ती म्हणालो होतो.

कमळाबाईंना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यानंतर कामावर जायच्या आधी पंधरा मिनिटं मी तालमीत डोकावायला लागलो. कुतूहल, दुसरं काही नाही. एक मुलगी घोडा शेपटीपासून काढायची, कारण तिनं घोडा पाहिला होता तो नेहमी मागून, व्हिक्टोरिया गाडीच्या पाठी धावताना. एक मुलगा पाऊस काढायला लागला की आधी खालची बादली काढायचा. त्यांची खोली वरच्या माळ्यावर होती आणि गळायची. मोठी माणसं कुठून सुरुवात करतात तेही मग मी पाहायला लागलो. आमचे मंडळाचे अध्यक्ष कुशाबा, विणखात्यातले जॉबर म्हणजे मुकादम, अठ्ठावन्न साली सीमा सत्याग्रहाला गेले आणि दोन महिने बेळगावच्या तुरुंगात राहून आले. तेव्हापासून त्यांचं कुठलंही भाषण, मग ते नळाच्या पाण्याबद्दल असो की गणपतीच्या आराशीबद्दल, तुरुंगातून सुरू व्हायचं. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या.

“त्यांना तिथंच काहीतरी पहिल्यांदा दिसलं असेल,” म्हणाल्या.

स्वतः बाई कुठून सुरू झाल्या ते मला हळूहळू कळलं. घराणं सावंतवाडीच्या चिताऱ्यांचं. वडील, भिवा चितारी, गंजिफा रंगवायचे. पत्त्यांसारखा खेळ, पण पानं गोल. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर पांढरा लेप, त्यावर चित्र आणि चित्रावर लाखेची चकाकी. घरातले मुलगे सहा-सात वर्षांचे झाले की कुंचला धरायचे आणि बापानं काढलेल्या रेघेवरून रेघ काढायचे, पुढची दहा-बारा वर्षं. मुलींनी रंग वाटायचा.

“बाबा म्हणायचे, चेडवान रंग वाटूचो, लावूचो नाय. सातव्या वर्षापासून वाटला. ह्याच सहाणेवर. हा खळगा दिसतोय ना, त्यातला निम्मा माझा.”

“कधी काढलंच नाही तुम्ही?”

त्या सहाण धूत होत्या.

“एकदा. नऊ वर्षांची होते. बाबा बाजारात गेलेले. एका कोऱ्या पानावर मासा काढला. मत्स्यावताराचं पान असतं त्यात. मी डोळ्यापासून सुरुवात केली. बाबा शेपटीपासून करायचे, त्यामुळं त्यांचा मासा नेहमी पळून चालल्यासारखा दिसायचा. माझा बघत होता.”

“मग? रागावले?”

“रागावले असते तर बरं झालं असतं. सकाळी त्यांनी ते पान बघितलं. त्याच्यावर पांढरा लेप दिला, वाळवला आणि वर आपला मासा काढला. शेपटीपासून. ते पान डावात गेलं, डाव कुणीतरी विकत घेतला. कुठल्या तरी घरात असेल अजून. त्या माशाखाली माझा मासा आहे.”

पुढं गंजिफा कुणी घेईना. भिवा चितारी मुंबईला आले आणि सुताला कांजी चढवतात त्या खात्यात लागले. चिंचोक्याची खळ ओळखणाऱ्या माणसाला ते काम परकं नव्हतं. बाई इथंच व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, दादरला बालशिक्षणाचा वर्ग केला. लग्न केलं नाही. चौपन्न साली वडील गेले. भावांनी कुंचले आणि रंगांच्या डब्या वाटून घेतल्या. सहाण कुणालाच नको होती, ती बाईंनी उचलली. पुढच्या वर्षी ती तालमीत मांडली आणि बालवाडी सुरू झाली.

आधी वाटायला का लावता, असं मी एकदा विचारलं.

“वाटताना हात गप्प होतो,” त्या म्हणाल्या. “हात गप्प झाला की कुणाचं बघून काढावंसं वाटत नाही. बाबांनी मला रंग लावू दिला नाही, पण हे त्यांच्याचमुळं कळलं. काय करायचं आता!”

साठ सालच्या एप्रिलमध्ये गोष्ट खोलीवर आली. तालमीतले उरलेले दोन पहिलवानही गेले. एकाला रातपाळी लागली, दुसरा गावी परतला. चाळीतल्या तरुणांना त्या जागेत कॅरम आणि वाचनालय हवं होतं, दिवसभर. बालवाडीत तेव्हा बत्तीस मुलं. चाळीतली खोली दहा बाय बाराची आणि तीत आठ माणसं. बत्तीस मुलं पालथी पडून चित्र काढतील अशी दुसरी जागा करी रोडपर्यंत नव्हती. तालीम गेली असती तर बालवाडी बंद पडली असती. हे बाईंनाही माहीत होतं, कॅरमवाल्यांनाही.

कुशाबांनी बाईंना मंडळाच्या बैठकीला बोलावलं. एक मेला नवं राज्य होणार होतं, मुंबईसकट. गिरणगाव आनंदात होता.

“बाई,” कुशाबा म्हणाले, “बेळगावच्या तुरुंगात असताना मी ठरवलं होतं, ज्या दिवशी महाराष्ट्र होईल त्या दिवशी आपल्या चाळीतल्या पोरांच्या हातनं कायतरी करायचं. तर एक तारखेला तुमची पोरं महाराष्ट्राचा नकाशा करून दाखवू देत. मोठा, भिंतीएवढा. पाव्हणे येणार आहेत. त्यांच्यादेखत तालमीची चावी तुमच्या हातात देतो, कायमची. मग ह्या कॅरमवाल्यांनी खुशाल बोंबलावं.”

कॅरमवाले हसले. बाई नाही हसल्या.

“करतील पोरं. पण एक आहे. त्यांच्या रेघेवर दुसऱ्या कुणी रेघ ओढायची नाही.”

“आता पोरांच्या चित्रावर कोण हात मारणार? मी?” कुशाबांनी सुताच्या धाग्यांनी कापलेली आपली जाड बोटं वर करून दाखवली. “ह्या हातानं मला सहीसुद्धा धड येत नाय, बाई.”

ठराव मी लिहिला. नकाशा करावा, चावी द्यावी. बाईंची अट मी लिहिली नाही. ठरावात असलं काही लिहीत नाहीत, असं मला वाटलं.

कुशाबांनी गिरणीतून बारा हात मांजरपाट आणला. बाईंनी तो जमिनीवर अंथरला आणि त्यावर काहीही काढलं नाही. साधी बाह्यरेषाही नाही.

“कोकणवाले खिडकीकडं बसा. घाटावरचे भिंतीकडं. ज्यांना गावच नाही ते मध्ये.” मग त्यांनी विचारलं, “महाराष्ट्र कुठं संपतो रे?”

मुलं विचारात पडली. दौलत नावाचा मुलगा मध्ये बसला होता, त्याचा जन्म इथलाच. तो म्हणाला, “जिथं भोंगा ऐकू येत नाय तिथं.”

“मग आमचा गाव?” खिडकीकडून कुणीतरी ओरडलं. “थय बोटीचो भोंगो वाजता!”

“मग तुझा गावपण आत.”

“आमच्यात भोंगा न्हाई,” भिंतीकडं अगदी खालच्या टोकाला बसलेली रखमा म्हणाली. पाच वर्षांची. वडील गिरणीत, आई शांता इथंच. पण आजी निपाणीला, आणि रखमाचं बोलणं सगळं आजीचं. “आमच्यात कोंबडा हाय.”

यावर बराच वाद झाला. शेवटी कोंबडाही चालेल असं ठरलं.

दहा दिवस चित्र चाललं. मी रोज जायचो. दौलतनं करी रोडचा पूल काढला, मावशी पुलापलीकडं राहते म्हणून पुलापासून सुरुवात करून. त्याचा पूल इतका लांब झाला की खिडकीकडच्या बोटीला जाऊन लागला, आणि दोघांनी भांडण न करता ठरवलं की बोटीतून उतरून पुलावर चढायचं. रखमाची सुरुवात चुलीपासून होती. तीन दगड, गेरूचे. त्याच्याभोवती घर, घरापुढं अंगण, अंगणात वाळत घातलेली तंबाखूची पानं, हळद आणि कोळसा मिसळून केलेल्या रंगाची. आजी कुठं आहे, असं मी विचारलं. “आत बसलीया, सयपाक करतीया. दिसंल कशी?” असं म्हणून तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

तीस तारखेला संध्याकाळी चित्र वाळून भिंतीवर टांगलेलं होतं. बाई घरी गेल्या होत्या. कुशाबा आणि मी मांडवाचं पाहायला तालमीत आलो. कुशाबा चित्रापुढं बराच वेळ उभे राहिले.

“चिटणीस, हे काय हाय?”

मी बोटानं एकेक दाखवायला लागलो.

“पूल हाय, बोट हाय, कोंबडा हाय. झ्याक हाय सगळं. पण महाराष्ट्र कुठाय? उद्या माणसं येणार. ती पोरांना हसणार नायत, महाराष्ट्राला हसतील. चार वर्षं लाठ्या खाल्ल्या, माणसं मेली, ती पुलासाठी आणि कोंबड्यासाठी?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते खरंच दुखावले होते. त्यांनी राजाराम पेंटरला बोलावून घेतलं. राजाराम दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मंडळाचे फलकही त्याचेच.

“फक्त भाईरची रेघ मार,” कुशाबा म्हणाले. “आतलं कायपण हलवू नको. महाराष्ट्र दिसला पायजे, बस्स.”

“नमुना द्या की,” राजाराम म्हणाला.

मी म्हणालो, “कुशाबा, बाईंनी सांगितलं होतं, रेघेवर रेघ ओढायची नाही.”

“ठरावात हाय काय तसं?”

“नाही.”

“मग?”

त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नव्या राज्याचा नकाशा आला होता. तो मीच फाडून राजारामच्या हातात दिला. काळा ऑइलपेंट, दोन बोटं जाड रेघ. राजारामनं वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली, जिथं मुलांनी काहीच काढलं नव्हतं, आणि अर्ध्या तासात फेरी पूर्ण करून तिथंच परत आला. हात सफाईचा. लांबून पाहिलं तर खरंच महाराष्ट्र दिसत होता. कुशाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे.

सकाळी चाळ पताकांनी भरली होती. पेढ्यांची परात फिरत होती. पाहुणे नाक्यापर्यंत आल्याची वर्दी आली होती, म्हणून कुशाबांनी मुलांना आधी आत घ्यायला सांगितलं. बाई मुलांची रांग घेऊन दारातून आल्या आणि थांबल्या.

काळ्या रेघेकडं त्या बघत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. तिथं राग नव्हता. एखादी जुनी वस्तू भलत्याच घरात दिसावी, तसं काहीतरी होतं.

मुलं भिंतीकडं धावली. “बाई,” दौलत ओरडला, “हा काळा नाला कोणी काढला?”

माणसं हसली. कमळाबाई म्हणाल्या, “नालो न्हय रे बाबा, सीमा ती!” जयवंत आता मोठ्या शाळेत होता, तरी त्या पेढे वाटायला आल्या होत्या.

कुशाबांनी पाहुण्यांची वाट न पाहता बोलायला सुरुवात केली. त्यांना धीर नव्हता. बेळगावच्या तुरुंगात असताना, अशी सुरुवात झाली. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. शेवटी कुशाबांनी टेबलावरचा नारळ आणि चावी उचलली. बाई उठल्या. एकदा बत्तीस मुलांकडं त्यांची नजर गेली. त्यांनी नारळ घेतला, चावी घेतली. टाळ्या झाल्या. मला हायसं वाटलं. रेघ त्यांनी पोटात घातली, खोलीसाठी, असं मला वाटलं.

टाळ्या थांबल्या तेव्हा रखमा भिंतीजवळच होती. चवड्यांवर बसून ती चित्राचं खालचं टोक बोटानं चाचपत होती.

“बाई, आमचं घर भाईर ऱ्हायलं.”

कुशाबांनी ऐकलं. “काय म्हणते पोर?”

“आज्जीचं घर. निपाणीचं. पानं आत हायती, घर भाईर गेलं. आन् बाई, चूल गावंना.”

कुशाबा पुढं झाले, वाकले. काळी रेघ तंबाखूची पानं आत आणि बहुतेक घर बाहेर ठेवून गेली होती, आणि जाताना बरोबर त्या तीन दगडांवरून गेली होती. निपाणी नव्या राज्यात आली नव्हती. वर्तमानपत्रातल्या नकाशानं खरं तेच सांगितलं होतं. मुंबई मिळाल्याच्या आनंदात ते आमच्यातल्या कुणालाच दिसलं नाही. निपाणी-बेळगावसाठी दोन महिने तुरुंगात बसून आलेल्या माणसालाही नाही, आणि नकाशा फाडून देणाऱ्या मलाही नाही. ती रेघ कुणी दुसऱ्यानं आमच्यावर ओढली नव्हती. आम्हीच राजारामला चहा पाजून ती ओढून घेतली होती.

कुशाबांचा चेहरा उतरला. त्यांनी पोरीच्या बोटाजवळ आपलं जाड बोट ठेवलं आणि घासून पाहिलं.

“राजाराम, पूस हे.”

“ऑइलपेंट हाय, कुशाबा. खरवडलं तर कापड फाटंल.”

“मग...” कुशाबा इकडं तिकडं बघायला लागले. बाहेर लेझीम वाजायला लागलं होतं. पाहुणे आले होते. “मग निपाणीच्या भाईरनं दुसरी रेघ वढ. निपाणी, बेळगाव, सगळं आत घे. आत्ता. पयल्या रेघेवर पांढरा मार आन् नवी वढ. डबा आण, पळ!”

“पांढऱ्याखाली चूल बी जाईल की,” राजाराम म्हणाला.

“जाऊ दे! चूल परत काढू. बाई, सांगा की पोरीला, परत काढायला लावू चूल. ह्याच्यापेक्षा झ्याक काढंल ती. बाई, बोला कायतरी.”

रखमा बाईंकडं बघत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी तिनं बोट रेघेवर टेकवलेलंच होतं, जिथून तिनं सुरुवात केली होती तिथं.

बाईंनी नारळ टेबलावर ठेवला. त्याच्या शेजारी चावी ठेवली, ती घरंगळू नये म्हणून बोटानं नारळाच्या कडेला सरकवली. मग त्या कोपऱ्यात गेल्या. तिथं काल संध्याकाळी धुऊन उभी केलेली सहाण होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, पदराखाली कडेवर घेतली. दगड जड होता. त्यांचा एक खांदा खाली गेला. मुलं बाजूला झाली. मी दारात होतो. त्या माझ्याशी थांबतील, निदान माझ्याकडं बघतील, असं वाटून मी तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करावी ते मला सुचेना.

लेझीमवाले दाराशी आले होते. त्यांनी वाट दिली, आणि चितारीबाई त्यांच्यामधून बाहेर पडल्या.